तातडीचं म्हणजे किती तातडीचं

सोमवार, ३ मार्च

सूचना परत आली! कोपऱ्यात लाल शाईने दोनच शब्द — 'तातडीचे नाही.'

ती घेऊन तडक सूचना-शाखेच्या खिडकीशी गेले. तिथे बसणाऱ्या बाईंना आम्ही सगळे सदस्यांचे सचिव खिडकीबाई म्हणतो. इतक्या वर्षांत त्यांना कमरेच्या वरच पाहिलंय. खाली पाय आहेत की नाहीत, देव जाणे. सदस्याला तातडीचा विषय सभागृहात काढायचा असेल तर सकाळी दहाच्या आत, दीडशे शब्दांत, ह्याच खिडकीत सूचना द्यायची. साडेदहाला चिठ्ठ्या निघतात. पहिल्या दहांना दुपारी बाराला दोन-दोन मिनिटं मिळतात. उरलेल्या सूचना संध्याकाळपर्यंत आपोआप मरतात, दुसऱ्या दिवशी नव्याने जन्माला घालायच्या.

"विषय अलीकडचा हवा," खिडकीबाई म्हणाल्या. "तुमचं केंद्र तीन आठवडे बंद आहे."

"म्हणून तर तातडीचं आहे ना!"

"बंद पडलं तेव्हा यायचं."

"तेव्हा अधिवेशन नव्हतं हो."

"मग अधिवेशन चालू असताना बंद पडायला हवं होतं."

आणि हसल्याही नाहीत. मनापासून बोलत होत्या.

आमच्या साहेबांच्या मतदारसंघातलं जिल्हा रुग्णालय. तिथलं डायलिसिस केंद्र. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा पंप जळला आणि त्या पाण्यावर चालणारं सगळंच थांबलं. चौदा रुग्ण. त्यातले एक माझे बाबा. साहेबांना हे ठाऊक आहे. सूचनेत मात्र 'माझे बाबा' लिहिता येत नाही. 'संबंधित रुग्ण' लिहायचं.

संध्याकाळी बाबांना फोन. तीस वर्षं स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केलेला माणूस — फोनवरही एकेक शब्द सुटा, धुऊन वाळत घातल्यासारखा.

"म्हणजे मी तातडीचा नाही?"

"नियमाप्रमाणे नाही, बाबा."

"बरं झालं. मला उगीच वाटत होतं, घाई करावी लागेल."

हसले. मीही हसले. 

मंगळवार, ४ मार्च

नवी युक्ती. जुन्या दुखण्यातलं काल काय घडलं, तेवढं शोधायचं!

सकाळी सातला आईला विचारलं — काल काय झालं? "काल? काल कुठे काय. ह्यांच्या पायात ह्यांची चप्पल जाईना सुजेमुळे, तर माझी सैल पट्ट्याची घालून गेले बसला. फुलाफुलांची."

लिहिलं : 'काल, दि. ३ मार्च रोजी, सदर केंद्र बंद असल्याने परगावी उपचारास निघालेल्या एका ज्येष्ठ रुग्णास सुजेमुळे स्वतःचे पादत्राण घालता आले नाही.'

साहेबांनी सही केली. सही करण्याआधी तीनदा वाचलं, नेहमीसारखं. खिडकीबाईंनी एकदाच वाचलं. "हे अलीकडचं आहे," म्हणाल्या आणि शिक्का मारला. फुलांचा उल्लेख गाळला होता. आता वाटतं, ठेवायला हवा होता.

साडेदहाला चिठ्ठ्या. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात नंबर घातलेल्या लाकडी गोट्या. देशाची तातडी ह्या डब्यात खुळखुळते! निघालं काय? राजधानीतली वाढती कबुतरं. एका पुलाचं नाव बदलावं. त्याच पुलाचं नाव बदलू नये. सदस्य निवासातल्या लिफ्टचा आवाज.

आमची नाही.

बुधवार, ५ मार्च

नाही. कबुतरं मात्र पुन्हा निघाली.

गुरुवार, ६ मार्च

नाही.

आज बाबांचा बसचा दिवस. सोमवार आणि गुरुवार. आधी आठवड्यातून तीनदा व्हायचं ते आता दोनदा, तेही तीन तास लांबच्या शहरात, तिथल्या लोकांचं उरकल्यावर. सोबत असते केंद्रातलीच एक रुग्ण, शिंपीण आहे. बत्तीस वर्षांची, दोन मुलं. गचके खाणाऱ्या बसमध्ये बसून ती काजं करत जाते. बाबा म्हणतात, माझ्या शर्टाला आता पुढून-मागून बटणं लावता येतील.

बाबांना दिवसाला अर्धा लिटरच पाणी चालतं. आई सकाळी मोजून बाटली भरते आणि दिवसभर स्वतःही त्यांच्यासमोर पाणी पीत नाही. स्वयंपाकघरात जाऊन, पाठ करून पिते. चोरासारखी. हे मी सूचनेत लिहून पाहिलं. दीडशे शब्दांत बसत होतं, पण 'विषयाशी संबंध नाही' म्हणून मीच खोडलं. माझी दोन पुस्तकं छापून आलीत, दोन्हींत मला कधी इतकं निर्दयपणे खोडता आलं नव्हतं. ही खिडकी पंधरा वर्षं आधी भेटायला हवी होती.

साहेबांचं काय करावं? वाईट माणूस नाही. सत्ताधारी पक्षाचे, शेवटच्या बाकावरचे. चार वर्षांत सभागृहात तीनदा तोंड उघडलंय. त्यातलं एकदा "ती खिडकी लावा" म्हणून. नियमांचं पुस्तक मात्र जेवतानाही समोर उघडं असतं. एवढे नियम पाठ करून हा माणूस बोलणार कधी?

शुक्रवार, ७ मार्च

निघाली! चौथा नंबर!

धावत गॅलरीत गेले. पहिला झाला, दुसरा झाला, तिसरी कबुतरं झाली. अध्यक्षांनी साहेबांचं नाव पुकारलं. मी साहेबांच्या बाकाकडे बघतेय — बाक रिकामा! दुसऱ्यांदा पुकारलं. मग — "सदस्य उपस्थित नाहीत. पुढे."

पुढे! दोन शब्दसुद्धा नाहीत, एकच.

साडेबाराला साहेब आले, रुमालाने ओठ टिपत. "आरोग्यमंत्र्यांनी चहाला बोलावलं होतं, ताई. नाही कसं म्हणणार?"

"नाव निघालं होतं, साहेब."

"माहितेय. म्हणूनच बोलावलं असणार."

आणि गेले आत. पुस्तक वाचायला!

मला इतका संताप आला की मी त्यांच्या टेबलावरच्या सगळ्या पेन्सिलींची टोकं मोडली. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी! नंतर परत टोकं काढून ठेवली.

रविवार, ९ मार्च

घरी जाऊन आले. बाबांचे पाय पाहिले. बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. "बघ, शिक्का," म्हणाले. "तुझ्या खिडकीबाईला सांग, पोचपावती आहे."

आई हसली नाही. निघताना दाराशी म्हणाली, "तू तिथे एवढी असतेस ना गं. मोठ्या माणसांत."



सोमवार, १० मार्च

केलं. जे करायला नको होतं ते केलं.

विरोधी बाकांवर एक सदस्य आहेत. त्यांना सगळे भोंगा म्हणतात, तोंडावरसुद्धा, त्यांनाही आवडतं. त्यांच्या सचिवाला उपाहारगृहात गाठलं आणि माझी सूचना त्याच्या ताटाशेजारी ठेवली. आमच्या जगात हे व्यभिचाराच्या जवळपास जातं. एका सदस्याच्या सचिवाने विरोधकाला लिहून द्यायचं म्हणजे!

"साहेबांना माहितेय?" त्याने विचारलं.

"तू जेव."

त्याने वाचलं, म्हणाला, "फार साधं आहे. आमच्यांना थोडी आग लागते."

"आग तुम्ही लावा. पंपाचं नाव तेवढं चुकवू नका."

मंगळवार, ११ मार्च

भोंग्याच्या नशिबाला काय म्हणावं! पहिल्याच दिवशी, पहिलाच नंबर.

दोन मिनिटांतलं दीड मिनिट आरोग्यमंत्र्यांच्या कार्यालयातल्या नव्या पडद्यांवर गेलं. उरलेल्या अर्ध्यात भोंगा गरजला — रुग्णालय, पंप, चौदा जीव, सुजलेले पाय. दोन मिनिटं होताच माइक आपोआप बंद पडतो. पडला, पण त्यांना माइक लागतो कुठे? विरोधी बाकं बडवायला लागली. आणि मी गॅलरीत, डोळ्यांत पाणी आणून, मनातल्या मनात बाक बडवत होते.

मग आरोग्यमंत्री उभे राहिले. शासनाने अत्यंत गंभीर दखल घेतली आहे. त्रिसदस्यीय समिती नेमली आहे. दोषींची गय केली जाणार नाही. तीन महिन्यांत अहवाल येईल, आणि तोवर पुराव्यांत फेरफार होऊ नये म्हणून ते केंद्र आजच सील करण्यात येत आहे.

आता सत्ताधाऱ्यांनीही बाकं बडवली! दोन्ही बाजू खूश. असं वर्षातून एकदा होतं.

मला आधी कळलंच नाही. जिना उतरताना कळलं. सील. म्हणजे कुलूप. म्हणजे पंप आला तरी बसवायचा नाही.

साहेब खोलीत उभे होते. बसलेले नव्हते. "पंप काल निघालाय, ताई," म्हणाले. "उद्या तिथे पोचेल. परवा बसणार होता."

"कुठला पंप?"

"शुक्रवारचा चहा. मंत्री म्हणाले, सभागृहात काढू नका, माझी शोभा होते. न बोलता पंप पाठवतो. कोणाला सांगायचं नाही, अशी अट. मी म्हटलं, बरं. नाही तरी मला न बोलायची सवय आहे."

बुधवार, १२ मार्च

पंप पोचला. खोक्यात, केंद्राच्या दाराबाहेर उभा आहे. दाराला सील. बसवणारा मेकॅनिक खोक्यावर बसून डबा खाऊन परत गेला, असं आई म्हणाली.

साहेबांना सांगितलं की भोंग्याला मी लिहून दिलं होतं. म्हटलं, काढून टाका मला.

"काल ऐकतानाच कळलं होतं," ते म्हणाले. "पडदे संपल्यावरच्या भागात एकही फालतू विशेषण नव्हतं. भोंग्याला असं येतं होय?"

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, मीही तुम्हाला सांगायला हवं होतं. दोन मूर्ख, एका टेबलाच्या दोन बाजूंना.

थोड्या वेळाने म्हणाले, "बाबांचा नंबर द्या." दिला. माफी मागणार असतील, वाटलं. दार लावून घेतलं आणि वीस मिनिटं बोलले. साहेब! वीस मिनिटं!

संध्याकाळी मी बाबांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. माझ्यामुळे झालं, बाबा. मी थांबले असते तर उद्या पंप बसला असता.

 मग म्हणाले, "पोरी, चुकीच्या फलाटावर मीसुद्धा गाड्या पाठवल्यात. माणसं धावतात, शिव्या देतात, पण गाडी पकडतात."

गुरुवार, १३ मार्च

दुपारी बाबांचा फोन. मागे गाडीचा आवाज.

"राजधानीला येतोय. उद्याचा गॅलरीचा पास काढून ठेव. सभागृह बघायचंय मला."

"आज गुरुवार आहे, बाबा! तुमचा बसचा दिवस!"

"माझी पाळी शिंपिणीला दिली. तिला आज जरा जास्त वेळ मिळेल."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"अगं, आयुष्यात एकदा बघावं माणसाने."

माणूस असं कधी बोलतो, मला माहीत आहे. बघायचं राहिलेलं बघून घेतो तेव्हा. साहेबांकडे पास मागायला गेले तर तो सही करून तयार होता. मी म्हटलं, त्यांनी येऊ नये, तुम्ही सांगा त्यांना. साहेब पुस्तकातून वर न बघता म्हणाले, "पहिल्या रांगेतला दिलाय."

स्टेशनवर घ्यायला गेले. दोन पायऱ्या चढून बाबा थांबले, कठड्याला धरून श्वास घेतला आणि मला म्हणाले, "इथला घोषणावाला फार भरभर बोलतो."

पायांत आईच्याच चपला.

शुक्रवार, १४ मार्च

घडलं तसं, क्रमाने लिहिते.

बारा वाजले. बाबा गॅलरीत पहिल्या रांगेत, मी दोन रांगा मागे. पहिला विषय — कबुतरं. सदस्य बोलून बसले आणि बाबा उभे राहिले. मला वाटलं, बाहेर जायचंय. मी उठले. तेवढ्यात त्यांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि —

"कृपया लक्ष द्या."

तोच आवाज! माझ्या लहानपणीचा, फलाट एकपासून सहापर्यंत जाणारा. माइक नाही, काही नाही.

"जिल्हा रुग्णालयातील डायलिसिसची सेवा पुढील सूचनेपर्यंत रद्द करण्यात आली आहे. पंप दाराबाहेर उभा आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल कोणालाही खेद नाही."

सभागृह चिडीचूप. भोंगासुद्धा! मग बाबांनी तेच सगळं पुन्हा म्हटलं, कारण घोषणा दोनदा करायची असते. 'कोणालाही खेद नाही' पर्यंत पोचले तेव्हा सुरक्षारक्षकांनी त्यांना धरलं. सांभाळूनच धरलं, ते म्हणायला हवं.

एकच गोंधळ. सभागृहाचा अवमान! अध्यक्षांनी जागच्या जागी ठराव मांडला — अधिवेशन संपेपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस तारखेपर्यंत, सदर इसमास सभागृहाच्या कोठडीत ठेवावे. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे.

आणि सगळ्यांच्या वर, शेवटच्या बाकावरून, खणखणीत — "होय!"

साहेब. आमचे साहेब! चार वर्षांतलं चौथं वाक्य, तेही माझ्या बापाला आत टाकायला! आठ दिवस खिडकीशी झिजले मी, आणि हा ठराव अर्ध्या मिनिटात मंजूर. ह्याला म्हणतात तातडी.

जिन्यात साहेबांना गाठलं. काय काय बोलले ते इथेही लिहिणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग नियमांचं पुस्तक उघडून खुणेच्या पानावर बोट ठेवलं. 'सभागृहाच्या कोठडीतील व्यक्तीच्या वैद्यकीय उपचारांची संपूर्ण जबाबदारी अध्यक्षांची राहील.'

"सभागृहाच्या डॉक्टरांनी आत्ता पाय पाहिले," म्हणाले. "घाबरलेत. गाडी निघालीसुद्धा."

शनिवार, १५ मार्च

राजधानीतलं सगळ्यांत मोठं रुग्णालय. काल दुपारी दोनला बाबांना यंत्रावर घेतलं, चार तास. आता आठवड्यातून तीनदा, अठ्ठावीसपर्यंत. दाराशी दोन रक्षक. आई पहाटेच्या गाडीने आली. एका रक्षकाने तिला स्वतःची खुर्ची दिली.

बाबांच्या पायांना घोटे आहेत! विसरलेच होते मी.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"तुझा साहेब कमी बोलतो, पण मुद्द्याचं बोलतो. पाच मिनिटांत नियम वाचून दाखवला, उरलेली पंधरा मला नको म्हणत होता. जिवावर बेतेल, म्हणाला, गाडीतच काही झालं तर ताईंना काय सांगू."

"आणि मला कोणीच का नाही सांगितलं?"

"तू पास काढून दिला असतास?"

नसता. कोणी कितीही समजावलं असतं तरी नसता. मी त्यांना घरी बसवलं असतं, मायेने, आणि सोमवारी नवी सूचना लिहिली असती. दीडशे शब्दांत.

 आई म्हणाली, "साठी उलटून गेली आणि कैदी झाले." मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि त्यांच्यासमोरच, घटाघटा, अर्धी प्यायली.

सोमवार, १७ मार्च

अध्यक्षांच्या कार्यालयाचं पत्र : सचिवांनी नातेवाइकांना पास देताना तारतम्य बाळगावे. 'नातेवाइकांना' खाली रेघ.

सील तसंच आहे. पंप तसाच.

आज सोमवार, म्हणजे शिंपीण एकटीच बसने गेली असेल. माझे वडील पांढऱ्याशुभ्र चादरीवर, आणि ती गचके खात काजं करतेय. माझ्या वाट्याचं मिळालं आणि मला झोप लागली. लागली खरी. हे लिहून ठेवायला हवं.

मंगळवार, १८ मार्च

गॅलरीच्या पासासाठी तेरा अर्ज आलेत. सगळे आमच्या बंद केंद्रातले. पहिला शिंपिणीचा. 'येण्याचे प्रयोजन' ह्या रकान्यात तिने सुबक अक्षरात लिहिलंय — दोन शब्द बोलणे.

नातेवाईक त्यातला एकही नाही.

साहेबांनी तेराही अर्जांवर सह्या केल्या. एकही वाचला नाही. पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "सगळे एकाच दिवशी बसवायचे, ताई, की रोज दोन?"